नोजल उभं की चालतं? फवाऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा पोरगा ॲग्रीले हाये. त्याच्या कॉलेजच्या लॅबमधी काचेची एक मोठी पेटी हाये म्हणते, तिच्यात नोजल पट्टीवरून इकडून तिकडं पळते, अन बाजूलेच एक उभी नळी हाये, तिच्यात नोजल वरतं गच्च बसवलेलं, जराबी हालत नाही. फवाराच मारायचा तं दोन दोन मशिनी काऊन? अन आमच्या पऱ्हाटीले त्याचा काय उपयोग?
— एक कास्तकार, ता. दारव्हा

उत्तर : भाऊ, ती उभी नळी म्हणजे बहुतेक पॉटर टॉवर. इंग्लंडात रोथॅमस्टेड म्हणून शेती संशोधनाची जुनी संस्था आहे, तिथल्या चार्ल्स पॉटर यांनी तो बनवला आणि १९५२ साली त्याचं सुधारलेलं रूप छापून आलं. वर नोजल फिक्स, त्यात हवेच्या दाबानं औषधाचा बारीक फवारा होतो, तो नळीतून खाली उतरतो आणि तळाशी ठेवलेल्या काचेच्या बशीवर सगळीकडे सारखा बसतो. बशीत मावा ठेवा, अळी ठेवा, नाहीतर नुसतं पान. आधी नि नंतर बशी वजन केली की एका चौरस सेंटिमीटरवर किती मिलिग्रॅम पडलं ते कळतं, आणि मग अमुक औषधानं इतक्या डोसला किती किडे मरतात हे छातीठोक सांगता येतं.

पण वावरात कोणी नळीत उभं राहून फवारत नाही ना. तिथं माणूस चालतो, नोजल झाडावरून पुढं सरकतं, म्हणून दुसरी पेटी. तिला ट्रॅक स्प्रेयर म्हणतात, शेतातलंच नोजल, तोच दाब, झाडापासूनची उंचीही ठरवलेली, फक्त चालणाऱ्या माणसाच्या जागी मोटर. ही मोटर थकत नाही, बांधावर कोणी दिसलं म्हणून हळू होत नाही, आणि सगळी गोम तिथंच आहे, कारण नोजल चालतं असलं की झाडावर किती पडणार हे नोजलपेक्षा चालीवर जास्त ठरतं.

आता तुमच्या उपयोगाचं. पंपात साधं पाणी भरा, नोजल बादलीत धरून एक मिनिट सोडा आणि मोजा. समजा ९०० मिली निघालं. मग वावरात ५० मीटर मोजून खुणा करा आणि भरलेला पंप पाठीवर घेऊन नेहमीच्या चालीनं चाला, रिकाम्या पाठीनं नाही. ५० मीटरला एक मिनिट लागलं म्हणजे ताशी ३ किलोमीटर झाले. ओळीतलं अंतर ३ फूट, म्हणजे साधारण ०.९ मीटर, तर मिनिटाला ४५ चौरस मीटरवर ९०० मिली पडलं, एकराला ८० लिटर, १६ लिटरचे पाच पंप. आता तोच माणूस दुपारी दमून मिनिटाला ३३ मीटरवर आला तर त्याच एकराला साडेसात पंप लागतात, आणि प्रत्येक पंपात मापाचं झाकण तेवढंच ओतलेलं, म्हणजे औषध दीडपट गेलं की नाही? वर पुन्हा मजूर म्हणतो औषध पुरलं नाही.

अजून एक, पंपाचा दाब वाढवला म्हणजे दुप्पट फवारा निघतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. दाब दुप्पट केला तर पाणी जेमतेम १.४ पट वाढतं, दुप्पट पाहिजे तर दाब चौपट लागतो. वाढतं ते थेंबाचं बारीकपण. १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, थेंब तीन मीटरवरून दहा-अकरा सेकंदांत खाली येतो, २० मायक्रॉनचा चार मिनिटं हवेतच राहतो, आणि तेवढ्यात वारा त्याला शेजाऱ्याच्या तुरीवर नेतो नाहीतर फवारणाऱ्याच्या नाकात. बघायचंच असेल तर पाणी लागलं की निळा पडणारा पिवळा कागद मिळतो, तो पऱ्हाटीच्या मधल्या पानाच्या खालून टाचणीनं लावा आणि एक फेरी मारा. वरचं पान ओलंचिंब आणि खालचा कागद पिवळाच्या पिवळा, असं बहुतेक ठिकाणी निघतं, आणि मावा-तुडतुडे तर पानाच्या खालीच बसतात.

प्रश्न : मी केमिकलला आहे. व्हायवात विचारलं, स्प्रे ड्रायरमध्ये फिक्स नोजल आणि फिरती डिस्क यात फरक काय? मला धड सांगता आलं नाही.
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : दूध पावडरचा ड्रायर डोळ्यापुढं आण, म्हणजे गरम हवेत दूध फवारून त्याची पावडर करणारी टाकी. नोजल असेल तर दूध मोठ्या दाबानं बारीक भोकातून खाली मारतात, म्हणून टाकी उंच आणि अरुंद चालते. डिस्क मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि द्रव आडवा फेकते, म्हणून टाकी रुंद लागते, नाहीतर ओला माल भिंतीला चिकटतो. नोजलचं भोक गाळानं बुजतं, डिस्कला तो त्रास कमी, पण मोटर-बेअरिंगची देखभाल आली. लॅबमधल्या छोट्या ड्रायरला बहुतेक वेळा हवेवर चालणारं फिक्स नोजलच असतं. एवढं सांगितलंस तरी सर पुढच्या प्रश्नावर जातील.

प्रश्न : पॉवर पंपाले औषध तिप्पट टाका म्हणतात. माह्याजवळ चार्जिंगचा पंप हाये. मी बी तिप्पट टाकू का?
— एक वाचक, ता. आर्णी

उत्तर : नाही दादा, अजिबात नाही. ते तिप्पटचं गणित पेट्रोलच्या, हवेच्या झोतावर चालणाऱ्या पंपाचं आहे, त्याला एकरी पाणी फार कमी लागतं म्हणून तेवढ्याच एकराचं औषध थोड्या पाण्यात टाकायचं, एकराचा डोस तोच राहतो. तुमचा चार्जिंगचा पंप हातपंपासारखाच पाणी दाबून सोडतो, फक्त दांडा मारायचं काम बॅटरी करते, पाणीही जवळपास तेवढंच लागतं. त्यात तिप्पट टाकलं तर एकरालाच तिप्पट जाईल. २०१७ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, पऱ्हाटी डोक्याच्या वर, दोन-तीन औषधं एकत्र, तोंडाला काही नाही, अशी बरीच कारणं तेव्हा पुढं आली, त्यात डोसचा घोळ अजून कशाला घालता. लेबलवर एकरी किंवा हेक्टरी किती ते बघा, वर सांगितलं तसं आपल्या चालीनं एकराला किती पंप लागतात ते पाण्यावर काढा आणि तेवढ्या पंपांत ते वाटून टाका. आणि तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, टू-फोर-डी नुसती टाकीत राहिलेली असली तरी पऱ्हाटीची पानं भेंडीच्या पानासारखी होतात.