देव एकच, मग तापाला कोण?

कल्पित राज्यं उभारणाऱ्या लेखकांची नागपुरात काही कमी नाही, हे या खेपेच्या प्रश्नांवरून दिसलं. बहुतेकांना आपल्या फँटसी कादंबरीसाठी एकच देव मानणारा धर्म हवाय आणि बहुतेकांचं घोडं जवळपास एकाच ठिकाणी पेंड खातंय. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलचक होते ते आवरते घेतले आहेत.

माझ्या जगात 'निराळ' नावाचा एकच देव आहे. त्यानं सृष्टी कशी घडवली, त्याचे गुण कोणते, हे सगळं मी चौदा पानांत लिहून काढलंय. तरी धर्म जिवंत वाटत नाही. काय कमी पडतंय?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, धरमपेठ

चौदा पानं असू द्या. फक्त एवढं सांगा, तुमच्या राजधानीतल्या विणकराच्या पोराला रात्री दोन वाजता ताप चढला तर त्याची आई काय करते?

अनेक देवांच्या जगात हे सोपं असतं. तापाची देवी वेगळी, पावसाचा देव वेगळा, शिवेवरचा राखणदार वेगळा. तुम्ही एका फटक्यात सगळ्यांना काढून टाकलंत, पण ताप, पाऊस आणि शीव आपापल्या जागी राहिली. या रिकाम्या झालेल्या जागा कोण भरतं, ते लिहिलंत की धर्म उभा राहतो. खऱ्या इतिहासातही झगडा तिथेच झालेला दिसतो. रोमन कॅथलिकांत हरवलेली वस्तू सापडावी म्हणून संत अँथनीला साकडं घालतात. अल्लाशिवाय कुणी उपास्य नाही हे इस्लामचं पहिलं वाक्य, तरी ताजबागेत ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यावर चादर चढवायला सगळ्या धर्मांचे लोक रांग लावतात. काही मुसलमानांना यात श्रद्धा दिसते, काहींना एकेश्वराशी केलेली तडजोड. हा वाद आजही जिता आहे, म्हणून लेखकाच्या कामाचा आहे.

जुन्या देवांचं काय करायचं याच्या तीन-चार वाटा लोकांनी चोखाळल्या आहेत. ते नव्हतेच, नुसते दगड होते, असं म्हणता येतं. ते होते पण सैतान होते, असंही म्हणता येतं. मला सगळ्यात रंगतदार वाटते ती आपल्या विदर्भातली महानुभाव पंथाची मांडणी. त्यांच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ नित्य आहेत. देवता खोट्या नाहीत, त्या फळही देतात, पण ते फळ नाशवंत. मोक्ष देणारा परमेश्वर एकच. म्हणजे शेजारीण देवीकडून काहीतरी मिळवून आली तर महानुभाव माणूस तिला खोटारडी म्हणणार नाही, तो म्हणेल की बाई, थोडक्यावर भागवलंस. एका वाक्यात दोन शेजारणींचा अबोला सुरू करता येतो.

तुमच्या विणकरणीपुरतं मी असं करीन. ती उंबऱ्याला सुताच्या सात गाठी मारते. प्रत्येक गाठीला मोठ्यानं निराळाचं नाव घेते आणि गाठ आवळताना ओठातल्या ओठात जुन्या नदीदेवीचं. गल्लीतल्या पुरोहिताला हे ठाऊक आहे. सकाळी तो त्या उंबऱ्यावरून जातो, गाठी पाहतो आणि काही बोलत नाही, कारण त्याच्याही आईनं त्या मारल्या होत्या. आता त्याच्या जागी नवा, कडक पुरोहित बदलीवर आणा.

माझ्या कथेतला देव खरोखर चमत्कार करतो. पुजाऱ्यांनी प्रार्थना केली की आग पडते. मग अविश्वास ठेवणारं कुणी उरतच नाही आणि कथा बसते. कसं सोडवू?
– सॉफ्टवेअरमधला वाचक, प्रतापनगर

चमत्कारानं वाद मिटतो हे गृहीतच काढून टाका. बायबलच्या निर्गम या पुस्तकात मोशेचा भाऊ अहरोन याच्या काठीचा साप होतो, तेव्हा इजिप्तच्या राजाचे, म्हणजे फारोचे, जादूगारही आपल्या काठ्यांचे साप करून दाखवतात. प्रश्न 'घडलं का' असा राहत नाही, 'कुणाच्या जोरावर घडलं' असा होतो. बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय तर आणखी पुढे जातो: एखाद्या संदेष्ट्यानं सांगितलेली खूण खरी ठरली, तरी तो दुसऱ्या देवांमागे चला म्हणाला तर त्याचं ऐकू नका. ज्यांनी हे लिहिलं त्यांना चमत्काराची मर्यादा पक्की माहीत होती.

आणि तुमच्या आगीचं म्हणाल तर बायबलमधल्या एलीया या संदेष्ट्याची गोष्ट पाहा. कर्मेल डोंगरावर आकाशातून आग पडते, लोक पालथे पडून कबुली देतात. पुढच्याच अध्यायात राणी ईजबेल जिवावर उठल्याचा निरोप धाडते आणि हा विजयी संदेष्टा रानात पळून जाऊन मरण मागतो. आग पडली, सत्ता जागची हलली नाही.

तेव्हा तुमच्या जगात आग पडू द्या, पण तीच आग शेजारच्या राज्यातला मांत्रिकही पाडतो असं दाखवा. किंवा ती पुजारी भ्रष्ट असला तरी पडते. माझं मत विचाराल तर दुसरं जास्त भेदक आहे. पैसे खाणाऱ्या पुजाऱ्याची प्रार्थना देव ऐकतो, हे उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या भाविकाचं काय होतं? त्याला देव आहे की नाही ही शंकाच नाही. त्याला देवाचा राग आलाय. अशी माणसं फँटसीत फार कमी भेटतात.

माझा राजा फर्मान काढून सगळी प्रजा एका रात्रीत एकेश्वरी करतो. मैत्रीण म्हणते, पटत नाही. तुम्ही काय म्हणता?
– शिक्षिका, सक्करदरा

मैत्रीण बरोबर आहे. फर्मान निघतं, प्रजा बदलत नाही. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात इजिप्तच्या अखेनातेननं सूर्यबिंबाला, म्हणजे अतेनला, इतर देवांच्या जागी बसवलं, नवी राजधानी वसवली, अमून देवाचं नाव छिन्नीनं खोडायला माणसं पाठवली. त्याच राजधानीच्या उत्खननात घरांमधून बेस आणि तावेरेत या घरगुती देवतांच्या वस्तू निघाल्या. बाळंतपण कुणाच्या भरवशावर करायचं, हे राजाला विचारून ठरत नाही. तो गेल्यावर काही वर्षांतच तुतनखातेन या नावाचा पोरगा राजा तुतनखामून झाला, म्हणजे अमून नावातही परत आला.

मोठ्या संख्येनं लोक खरोखर धर्म बदलतात तेव्हा काय असतं, हे पाहायला नागपूरकरांना इजिप्तला जायची गरज नाही. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ला लाखो लोकांनी दीक्षा घेतली, पण त्याआधी १९३५ची येवल्याची धर्मांतराची घोषणा होती. मधली २१ वर्षं विचार, वाचन, वाद आणि चळवळ चालली. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत काय स्वीकारायचं एवढंच नाही, काय सोडायचं तेही नावानिशी सांगितलं आहे. बुद्धाच्या धम्मात सृष्टी घडवणारा देव नाही, त्यामुळे हे उदाहरण एकेश्वराचं नाही. पण तुमच्या पात्रांना जुनं सोडताना नेमकं काय तोंडानं म्हणावं लागतं, तो मजकूर लिहून काढा. राजाच्या फर्मानापेक्षा तो मजकूर उच्चारताना कुणाची जीभ अडखळते, तिथे तुमचं प्रकरण आहे.

देवाचा चेहरा कसा रंगवू? मुखपृष्ठासाठी हवाय.
– चित्रकार, सदर

रंगवू नका. इसवी सनापूर्वी ६३मध्ये रोमन सेनापती पॉम्पी यरुशलेमच्या मंदिरातल्या परमपवित्र गाभाऱ्यात शिरला, तर आत मूर्तीच नव्हती. रिकामी खोली आणि दारात गोंधळलेला सरदार, एवढं मुखपृष्ठाला पुरतं.

माझ्या जगाला दोन चंद्र आहेत. सणवार आणि उपास कसे बसवू? गणित जमतं, धर्म जमत नाही.
– हौशी खगोल निरीक्षक, वर्धा रोड

गणित जमतंय तर अर्धं काम झालं. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडं. ही फट कशी भरायची यावरून धर्मांचा स्वभाव कळतो. आपण अधिक महिना घालतो. ज्यू १९ वर्षांत सात जादा महिने घालतात. इस्लामनं जादा महिना नाकारला, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत सुमारे ३३ वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. २०१८ आणि २०१९ला तो मे महिन्यात आला होता. नागपूरचा मे, पारा पंचेचाळिशीच्या आसपास, आणि पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब नाही. मोमिनपुऱ्यातल्या म्हाताऱ्यानं पोरवयात तोच रोजा थंडीतही धरलेला असतो. एकाच आयुष्यात एकच उपास सोपा आणि अवघड होत जातो, हे तुमच्या पात्राच्या तोंडी घाला. फिरतं वर्ष मला फँटसीसाठी जास्त आवडतं, कारण त्यात शेतीचं आणि देवाचं पंचांग वेगळं होतं आणि शेतकऱ्याची ओढाताण आपोआप येते.

दोन चंद्रांत खरी गंमत अशी की कोणता मोजायचा. मोठा चंद्र मोजणारे आणि छोटा मोजणारे असे दोन गट पाडा, एकाचा सण त्या दिवशी दुसऱ्याचा सुतकासारखा दिवस. आणि नियम जिथे लागूच पडत नाहीत तिथे कुणीतरी निर्णय द्यायला हवा. २००७ला मलेशियाचा मुस्लिम अंतराळवीर रमजानमध्येच अंतराळ स्थानकावर गेला. तिथे दीड तासाला एक प्रदक्षिणा, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय. मलेशियातल्या धर्मपंडितांनी त्याच्यासाठी नियम घालून दिले: नमाजाच्या वेळा उड्डाणाच्या ठिकाणाप्रमाणे, रोजा हवा तर परत आल्यावर. तुमच्या ध्रुवप्रदेशातल्या व्यापाऱ्यानं राजधानीतल्या पंडिताला असंच पत्र लिहावं. उत्तर यायला सहा महिने लागावेत, तोवर त्यानं काय खाल्लं?

धर्मात फूट पाडायची आहे. ईश्वराच्या स्वरूपावरून तात्त्विक मतभेद दाखवू का?
– निवृत्त बँक अधिकारी, मनीषनगर

दाखवा, पण त्याच्या खाली हाताला लागेल असं काहीतरी ठेवा. शोमरोनी (समॅरिटन) आणि ज्यू दोघंही तोरा हा मोशेचा धर्मग्रंथ मानतात, तंटा आहे तो देवानं निवडलेला डोंगर कोणता यावरून, गरिज्जीम की यरुशलेम. जागा, गादीचा वारस, ग्रंथाची प्रत: भांडण यांच्यावरून पेटतं आणि तत्त्वज्ञान मागून येतं. (बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला वारसांच्या नोंदीवरून काय काय होतं हे मी काय सांगणार!)

ग्रंथाच्या प्रतीचं उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं घ्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. परंपरा सांगते की पुढे खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि ज्यांना पाठ होतं त्यांच्या तोंडून ग्रंथ पुन्हा उतरवला गेला. त्यातून वेगवेगळे पाठ निघाले. त्यात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. बाहेरच्यांना ते वाचता आले ते विसाव्या शतकात.

यातला एकेक टप्पा म्हणजे कथानक आहे. पळताना पोथी हरवणारा. पाठ असलेली म्हातारी, जिच्या स्मरणावर आता सगळ्या पंथाचं भवितव्य आहे आणि जी एका प्रसंगात चाचरते. दुसऱ्या गावातला शिष्य, ज्याला तोच प्रसंग वेगळा आठवतो. मूळ पोथी तिसऱ्या भागात सापडवायचा मोह होईल, तो आवरा. सापडली की निकाल लागतो, आणि खरा निकाल कुणालाच नको असतो.

नव्या धर्माचे सण ग्रंथातून आणू की लोकांतून?
– कॉलेज विद्यार्थी, महाल

महालात राहून हे विचारताय राजेहो? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा गजर होतो, मागे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, असतात आणि बडग्यांवर त्या वर्षीची महागाई नाहीतर पुढारी. हे कोणत्या पोथीत लिहिलंय?

तुमच्या एकेश्वरी शहरातही अशी मिरवणूक आधीपासून चालत असणार. धर्मपीठ ती बंद करू पाहील, तर दंगा होईल. डोळेझाक करील, तर कडवे ओरडतील. बहुतेकदा ते तिसरं करतं: पुतळ्याला एखाद्या पापी राजाचं नाव देऊन मिरवणूक आपलीच म्हणून जाहीर करतं. तुम्ही ते प्रकरण पुरोहिताच्या नजरेतून लिहू नका, पुतळा बांधणाऱ्याच्या नजरेतून लिहा. नाव बदललं तरी बांबू, कागद आणि रंगाचे पैसे त्याला कुणाकडून मिळतात, आणि या वर्षी ते देणारा माणूस बदललाय का, तिथून सुरुवात करा.