मांजराला पाणी नकोसे वाटते, मग मासे इतके का आवडतात?

आपल्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. आंघोळीच्या वेळी घर डोक्यावर घेणारी आणि पाण्याच्या वाटीकडे क्वचितच फिरकणारी आपली मांजरी बांगड्याची पिशवी दारात येताच पायांत घोटाळू लागते, हे असे का, हा पहिला. तिला आंघोळ घालावी का, हा दुसरा; आणि रोज मासे दिले तर चालतील का, हा तिसरा. आमच्या घरी, दापोलीकडच्या बाजूला, मांजरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्याविषयी मी वाचलेही पुष्कळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पाण्याची नावड मांजराला त्याच्या पूर्वजांकडून मिळाली. माशांची आवड मात्र बऱ्याच अंशी माणसाच्या संगतीत वाढली. या दोन गोष्टींचा उगमच वेगळा असल्यामुळे वरवर दिसणारा विरोध खरा नाही.

घरातली सगळी मांजरे, मग ती पर्शियन असोत की गल्लीतली, आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांत राहणाऱ्या रानमांजराची वंशज आहेत, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून स्पष्ट झाले. याच रानमांजराचा एक भाऊबंद आजही आपल्याकडे कच्छमध्ये आणि राजस्थानच्या थर वाळवंटात राहतो. उंदीर, सरडे, लहान पक्षी हे त्याचे अन्न, आणि प्यायला पाणी मिळेलच याची खात्री नाही. अशा जागी टिकून राहायचे तर शिकारीतूनच पाणी मिळवावे लागते. उंदराच्या शरीरात जवळजवळ सत्तर टक्के पाणी असते, आणि मांजराची मूत्रपिंडे त्यातला थेंबन्‌थेंब राखून अतिशय दाट लघवी तयार करतात. ती इतकी समर्थ असतात, की मांजर समुद्राचे पाणी पिऊनही शरीरातली पाण्याची तूट भरून काढू शकते, असे 1959 सालच्या प्रयोगांत दिसून आले होते. या प्राण्याला पोहत जाऊन शिकार करण्याची वेळच सहसा आली नाही, आणि तहानेची जाणीवही कुत्र्याइतकी तीव्र राहिली नाही. आपली मांजरी वाटीकडे फिरकत नाही याचे मूळ इथे आहे.

भिजणे ही आणखी वेगळी बाब आहे. पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर त्वचेलगत दाट, आखूड लव असते आणि ती पाणी आत जाऊ देत नाही. घरच्या मांजराचे केस पाणी शोषून घेतात, जड होतात आणि लवकर वाळत नाहीत. मांजराचे तापमान अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे अंग ओले राहिले की ते गारठते. शिवाय मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवते. त्याच्या जिभेवरच्या काट्यांची टोके पोकळ पन्हळीसारखी असून ती लाळ थेट केसांच्या मुळाशी पोहोचवतात, हे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. इतक्या निगुतीने लावलेले केस आणि त्यांत मुरलेला स्वतःचा ओळखीचा वास आपण साबणाच्या एका तांब्याने पुसून टाकतो. त्यातच न्हाणीघराची निसरडी फरशी, शॉवरचा आवाज आणि मानेवर घट्ट धरलेला हात. माझ्या मते मांजर पाण्याला जितके घाबरते त्याहून अधिक ते पाय घसरण्याला आणि पकडून ठेवले जाण्याला घाबरते.

तसे नसते तर तेच मांजर आपण होऊन पाण्याशी खेळले नसते. नळाच्या थेंबाला पंजा मारणारी, बादलीतले पाणी हलवून त्यावरचा उजेड पाहणारी, मोरीत तासन्‌तास बसणारी मांजरे ज्यांच्या घरी आहेत त्यांना हे ठाऊक असते. आमची सध्याची मनी पाण्याच्या भांड्यापाशी आली, की आधी उजवा पंजा अलगद पाण्याला टेकवते, तो झटकते, चाटते आणि मगच तोंड लावते. भांड्यातले स्थिर पाणी कुठवर आहे हे तिला जवळून नीट दिसत नसावे, असे मला वाटते. कारण मांजराची नजर दूरच्या हालचाली टिपण्यात तरबेज असली, तरी अगदी नाकासमोरचे त्याला धूसर दिसते. तुर्कस्तानात व्हान सरोवराच्या परिसरातली पांढरी मांजरे तर स्वतःहून पोहतात अशी त्यांची ख्याती आहे.

मार्जारकुळात पाण्याचे वावडे सर्वांना नाही, हेही लक्षात ठेवावे. वाघ उन्हाळ्यात पाणवठ्यात बसून राहतो हे ताडोबाला गेलेल्यांनी पाहिले असेल. त्याहून नवलाचे मासेमार मांजर आपल्या देशात सुंदरबनात, गोदावरीच्या मुखाजवळच्या कोरिंगा खारफुटीत आणि ओडिशातल्या चिल्का सरोवराच्या काठी आढळते. घरच्या मांजराच्या जवळजवळ दुप्पट आकाराचे हे जनावर पाण्याच्या कडेला दबा धरून बसते आणि वेळ येताच सरळ बुडी मारून मासा काढते. त्याच्या बोटांमध्ये अर्धवट पडदा असतो, आणि केसांचा आतला थर इतका दाट असतो, की पाणी कातडीपर्यंत सहसा पोहोचत नाही. बंगालमध्ये त्याला बाघरोल किंवा मेछो बिडाल म्हणतात आणि ते पश्चिम बंगालचे राज्यप्राणी आहे. 2022 साली चिल्का परिसरात झालेल्या गणनेत 176 मासेमार मांजरांचा अंदाज जाहीर झाला. पाणथळ जागा बुजवल्या जात असताना हा प्राणी टिकावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र आपल्या मनीशी त्याचे नाते दूरचे आहे, आणि तिची माशांची ओढ त्याच्याकडून आलेली नाही.

मग ती कुठून आली? एक उत्तर जिभेत आहे. मांजराला गोड चव कळत नाही, कारण ती ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक त्याच्यात निकामी झालेले आहे. हे 2005 साली सिद्ध झाले. मांसातली रुचकर, खमंग चव, जिला जपानी लोक उमामी म्हणतात, ती मात्र त्याला उत्तम कळते. 2023 साली वॉल्थम पेटकेअर सायन्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी मांजराच्या जिभेवर ही चव टिपणारे ग्राहक (म्हणजे रिसेप्टर) पेशींच्या पातळीवर तपासले आणि मांजरांपुढे निरनिराळ्या पाण्याच्या वाट्या ठेवून पाहिल्या. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आणि इनोसिन मोनोफॉस्फेट या दोहोंचा मेळ मांजरांना विशेष आवडला, आणि ट्यूना माशात नेमका हाच मेळ भरपूर असतो. म्हणजे मांसासाठी घडलेल्या जिभेला माशात तीच चव अधिक ठळकपणे सापडते. त्यात माशाला वास उग्र, आणि मांजर अन्नाची निवड आधी नाकाने करते.

दुसरे उत्तर माणसाच्या सहवासात आहे. रानोमाळ स्वतःच्या जिवावर जगणाऱ्या मांजरांच्या आहारात उंदीर, ससे, पक्षी आणि सरपटणारे प्राणी भरपूर सापडतात, मासा क्वचित. मासा मांजराला दिला तो नदीकाठी आणि समुद्रकाठी राहणाऱ्या माणसांनी. इजिप्तमध्ये थीब्ज येथे नख्त नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, सुमारे 3400 वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात, खुर्चीखाली बसून मासा खाणारे मांजर रंगवलेले आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो, की इजिप्तचे लोक मांजरांना दुधात भाकरी कुस्करून घालतात किंवा नाईल नदीतले मासे कापून कच्चेच देतात. मांजराने स्वतः पाण्यात शिरून पकडलेला मासा यांपैकी कुठेच नाही.

आणि माणसाने दिलेले मांजर उचलते ते आईमुळे. पिल्ले काय खायचे हे आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन शिकतात. 1970 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत आईला केळे खाण्याची सवय लावली, तेव्हा तिची पिल्लेही मांसाचे खाद्य समोर असताना केळे खाऊ लागली. हर्णै बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव चालतो तेव्हा हे शिक्षण उघड्यावर पाहता येते. विळीवर मासे साफ करणाऱ्या बाईच्या मागे, तिचा हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, मांजरी पिल्लांसह बसलेली असते. बांगड्याचे डोके आणि आतडी पडली, की ती पुढे होऊन डोके ओढते, कल्ल्यांच्या बाजूने कुरतडू लागते, आणि पिल्ले तिच्या गालाला गाल लावून तोच तुकडा चाटतात. लाटेचे पाणी सरकत वर आले, की सगळी जण पाय उचलून मागे होतात आणि ओसरले की पुन्हा त्याच जागी येतात. कोकणातल्या मांजराला मासा आवडतो तो असा. उलट, शाकाहारी घरात वाढलेल्या आणि लहानपणी मासा कधीच न पाहिलेल्या मांजराने सुरमईचा तुकडा हुंगून तोंड फिरवल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

आता रोज मासे देण्याविषयी. माझे स्पष्ट मत आहे, की मासा हा मांजराचा मुख्य आहार होऊ नये. काही जातींच्या कच्च्या माशांत थायामिनेज नावाचे विकर असते आणि ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते. असे मासे सतत पोटात गेले, तर मांजर खाणे सोडते, झोकांड्या देते, मान छातीकडे वाकवून बसते आणि पुढे त्याला झटके येतात. मासे शिजवले की हे विकर नाहीसे होते, म्हणून कच्चे मासे देऊ नयेत. केवळ तेलकट मासे आणि ट्यूनावर पोसलेल्या मांजरांत ई जीवनसत्त्वाच्या अभावी शरीरातली चरबी सुजून दुखू लागते, आणि पाठीवरून हात फिरवलेलाही त्यांना सोसत नाही. माशांची ॲलर्जीही मांजरांत नेहमी आढळणाऱ्यांपैकी आहे. मान आणि चेहरा सारखा खाजवत असेल तर तो विचार करावा.

पाऱ्याचा धोका मांजरांनी माणसाच्याही आधी भोगला आहे. जपानमधल्या मिनामाता उपसागराकाठी 1950 च्या दशकाच्या आरंभी मांजरे वेड्यासारखी गरगर फिरू लागली आणि काही समुद्रात पडून मेली. कोळ्यांच्या घरचे मासे ती खात होती. 1 मे 1956 रोजी माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या रसायन कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत साठत होता. 1959 साली त्याच कारखान्याच्या रुग्णालयातले डॉक्टर होसोकावा यांनी ते सांडपाणी अन्नावर घालून एका मांजराला खाऊ घातले, तेव्हा त्यालाही तोच आजार झाला, आणि तो निष्कर्ष कंपनीने दडपला. आपल्या बाजारातल्या माशांची स्थिती तशी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तरी मोठ्या, शिकारी माशांत पारा अधिक साठतो, म्हणून मांजरासाठी सुरमई किंवा ट्यूनापेक्षा तारली, मांदेली, बांगडा असे लहान मासे घ्यावेत.

आठवड्यातून एक-दोनदा, मीठ-मसाल्याशिवाय उकडलेला आणि काटे काढलेला छोटा तुकडा पुरे. कालवणातला मासा धुऊनही देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. खारवलेले सुके मासेही टाळावेत. रोजचे पोट मांजरांसाठी बनवलेल्या संतुलित खाद्याने भरावे. डोळ्यांना आणि हृदयाला लागणारे टॉरिन त्यात घातलेले असते आणि घरच्या भात-माशात ते पुरेसे पडेलच असे नाही.

मांजरी पाणी कमी पिते ही आपली चिंता मात्र योग्य आहे, आणि मासा तिथेच कामी येतो. चार किलोच्या मांजराला दिवसाला, अन्नातले धरून, साधारण दोनशे मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या खाद्यात सुमारे दहा टक्के पाणी असते, तर पाऊचमधल्या ओल्या खाद्यात पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के. म्हणून निदान एक वेळ ओले खाद्य द्यावे, आणि मासा उकडलेले बिनमिठाचे पाणी गार करून कोरड्या खाद्यावर ओतावे. वाटीकडे न फिरकणारी मांजरे ते सहसा चाटून पुसून संपवतात. पाण्याची भांडी रुंद असावीत, दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, आणि ती जेवणाच्या व मलमूत्राच्या जागेपासून दूर असावीत.

आंघोळ निरोगी, आखूड केसांच्या मांजरीला लागत नाही. अंगावर तेल, रंग किंवा रसायन सांडले, पशुवैद्यांनी गजकर्णासाठी औषधी शाम्पू दिला, किंवा लांब केस मळाने चिकटले, तरच ती घालावी. तेव्हा टबात रबरी चटई घालून चार बोटे कोमट पाणी घ्यावे, ते हाताने मानेखालीच लावावे, डोक्यावर ओतू नये, माणसांचा शाम्पू वापरू नये, आणि टॉवेलने लगेच टिपून घ्यावे. एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो: फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालले की ते पंजे चाटते, आणि त्यातली फिनॉल वर्गातली द्रव्ये त्याच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसून वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवावे.

पुढे कधी बोका पाळलात, तर पाण्याकडे याहून अधिक लक्ष द्या, कारण त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि लघवीतले खडे त्यात सहज अडकतात. तो वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि लघवी थेंबभरही होत नाही असे दिसले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री पशुवैद्यांकडे न्यावे.