मूळ पेन्शनचा आकडा तोच राहिला, म्हणूनच तपासा

तुम्ही लिहिलंय की वडील केंद्र सरकारी सेवेतून जून 2022 मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झाले, सप्टेंबर 2025 च्या सुरुवातीला गेले आणि आईंची फॅमिली पेन्शन लगेच सुरू झाली. वडिलांना हातात मूळ 18,120 मिळत होते, आईंनाही 18,120 च आले, फक्त महागाईची रक्कम कमी झाली. शाखेतले म्हणतात सगळं बरोबर आहे, "पेन्शन विकलेली होती ना, तो भाग कापला जाणारच." हेच वाक्य आम्हीही ऐकलं आणि मान डोलावून घरी आलो. माझ्या माहितीतली सगळ्यात महागडी मान तीच.

विकलेला भाग, म्हणजे कम्युटेशन (निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे घेऊन पंधरा वर्षांसाठी सोडलेला पेन्शनचा हिस्सा), फॅमिली पेन्शनमधून कापत नाहीत. एक रुपयाही नाही. पेन्शनर पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत गेला तरी उरलेली वसुली कुटुंबाकडून होत नाही.

मग आकडा जुळला कसा? वडिलांचा शेवटचा मूळ पगार 60,400 असणार. पेन्शन त्याच्या निम्मी, 30,200. त्यातले 40 टक्के, म्हणजे 12,080 विकले, उरले 18,120. आता फॅमिली पेन्शनचा साधा दर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, तोही 18,120! पन्नास टक्क्यांतून त्याचेच चाळीस टक्के गेले की तीसच उरतात. पूर्ण 40 टक्के विकलेल्या बहुतेकांच्या घरी हा योगायोग घडतो आणि म्हणून कुणाला संशय येत नाही. चुकीचा दर बरोबर दिसतो.

नियमाने तुमच्या आईंना सध्या साधा दर नाही, वाढीव दर लागू आहे. पेन्शनर निवृत्तीनंतर गेला तर मृत्यूनंतर 7 वर्षं, किंवा तो 67 वर्षांचा झाला असता ती तारीख, यातली जी आधी येईल तोपर्यंत शेवटच्या पगाराच्या 50 टक्के मिळतात. मात्र मूळ पेन्शनपेक्षा जास्त नाही. (सेवेत असताना मृत्यू झाला तर हिशोब वेगळा.) वडिलांचा जन्म जून 1962 चा, म्हणजे जून 2029 पर्यंत 30,200.

महागाईची रक्कम का घटली, यातच चोरी पकडता येते. महागाई न विकलेल्या, पूर्ण पेन्शनवर मिळते. वडिलांना सप्टेंबर 2025 च्या 58 टक्के दराने 30,200 वर 17,516 मिळत होते, हातात एकूण 35,636. आईंना 18,120 वर 10,510, एकूण 28,630. मिळायला हवेत 47,716. महिन्याला 19,086 चा फरक. नुसता मूळ रकमेतला 12,080 चा फरक धरला तरी जून 2029 पर्यंतच्या 45 महिन्यांचे 5,43,600 होतात.

आता काय करायचं. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा. त्यात फॅमिली पेन्शनचा वेगळा भाग असतो. तिथे वाढीव दर, तो कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतरचा साधा दर, तिन्ही लिहिलेले असतात. त्या पानाची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला आणि एका पानाचा अर्ज शाखेत द्या. अर्ज बँकेच्या केंद्रीय पेन्शन कक्षाच्या नावे लिहा, कारण दर तिथूनच लावला जातो, शाखेच्या हातात काही नसतं. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. तोंडी बोलू नका, आमचे महिने तोंडी बोलण्यातच गेले. "वरून येईल" म्हणणाऱ्या साहेबांची पुढच्या वेळी बदली झालेली असते.

अर्जात एक ओळ जरूर घाला: पेन्शनची थकबाकी उशिरा जमा झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे वार्षिक 8 टक्के भरपाई देय आहे. ती बँकेने न मागताच द्यायची असते. प्रत्यक्षात मागितल्याशिवाय मिळालेली मी पाहिली नाही. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि जोडीला पेन्शन तक्रारींसाठीच्या केंद्राच्या सीपेनग्राम्स पोर्टलवर तक्रार. माझं मत विचाराल तर दोन्हीकडे करा.

पीपीओतच आकडा चुकलेला असेल तर मात्र बँकेशी भांडू नका. वडिलांच्या जुन्या कार्यालयातून दुरुस्ती करून आणावी लागते.

जाता जाता: आईंचं नाव पीपीओवर, आधारवर आणि खात्यावर एकच आहे का पाहा. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात; एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं असा घोळ हमखास निघतो. त्यांची जन्मतारीखही नोंदलेली हवी, कारण वयाच्या 80 नंतरची जादा पेन्शन त्यांच्या स्वतःच्या वयावर मिळते, वडिलांच्या नाही. संयुक्त खातं असेल तर ते बंद करून नवं उघडायची गरज नाही, कुणी काही सांगो. आणि सप्टेंबरचं वडिलांचं पूर्ण पेन्शन जमा झालं असेल तर ते काढू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतचंच त्यांचं, बाकी बँक परत घेते.

मी वकील नाही, आणि हे सगळं जुन्या पेन्शनवाल्या केंद्रीय नागरी सेवेचं. राज्य सरकारचं काम कोषागारातून चालतं, एनपीएसचं, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचं, शास्त्र वेगळं, तिथे हे आकडे लावू नका.

दर दुरुस्त होऊन आला की जून 2029 कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या महिन्यात बँकेने दर खाली आणायला हवा. विसरली तर जास्त गेलेले पैसे पुढे आईंच्याच पेन्शनमधून हप्त्याने कापतील.