मेलबर्नला मुलीकडे आलो आहोत. दोघांनाही पोहता येत नाही. तरी टॉर्कीला, म्हणजे मेलबर्नजवळच्या त्या सर्फिंगच्या गावाला, दोन दिवस राहण्यात अर्थ आहे का?

आहे, नक्की जा. तुम्ही लिहिलंय की जावई म्हणतात, 'तिथे सर्फर सोडून बघायला काही नाही.' त्यांचं खरं आहे, पण सर्फर, म्हणजे फळीवर (बोर्डवर) उभं राहून लाटेवरून घसरत येणारी माणसं, बघायलाच तर तिथे जायचं! मी मेलबर्नमध्ये राहतो, मला स्वतःला सर्फिंग येत नाही, आणि घरी पाहुणे आले की मी त्यांना सगळ्यात आधी टॉर्कीलाच नेतो. ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्याने जाणाऱ्या टूर बस तिथे कॉफीपुरत्या थांबतात आणि पुढे ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या प्रसिद्ध सुळक्यांकडे पळतात. गाव त्यांच्या हाती लागतच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी गाडीने बेल्स बीच या सर्फिंगच्या किनाऱ्यावर जा. गावापासून सहा-सात किलोमीटर आहे. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत, पण गुडघे कुरकुरत असतील तर वर कड्यावरूनच बघा, तिथून जास्त चांगलं दिसतं. दक्षिण महासागरात दूर कुठे वादळ झालं की त्याच्या लाटा इथवर येतात, उथळ खडकाळ तळावर चढून उंच होतात आणि एका बाजूने क्रमाने फुटत जातात. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर लाटेची भिंत आणखी वेळ उभी राहते. अशा लाटा आणि असा वारा इथल्या थंडीच्या दिवसांत जास्त, म्हणून जानेवारीपेक्षा एप्रिल ते ऑगस्टमध्ये बेल्स जास्त रंगतो. थंडी सोसत असेल तर तेव्हाच जा.

थोडे नियम माहीत असले की बघण्यात मजा येते, क्रिकेटसारखंच. लाटा गटागटाने येतात, त्याला 'सेट' म्हणतात. मधल्या वेळात सगळे बोर्डवर नुसते बसून असतात, तेव्हा कंटाळून उठू नका. लाट जिथून फुटायला लागते त्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही. घुसलाच तर पाण्यात चांगली खरडपट्टी निघते.

इथे 1962 पासून स्पर्धा होते आहे, ईस्टरच्या सुमारास. विजेत्याला खरीखुरी घंटा मिळते आणि तो ती सगळ्यांसमोर वाजवतो. 1981 साली इथल्या प्रचंड लाटांत सायमन अँडरसन हा ऑस्ट्रेलियन सर्फर तीन पंखांचा (बोर्डाच्या खाली मागच्या बाजूला असतात ते) बोर्ड घेऊन उतरला आणि जिंकला. तोवर एक किंवा दोन पंखांचे बोर्ड चालायचे. आज दुकानात जो आखूड बोर्ड दिसेल तो बहुतेक तीन पंखांचाच असतो. हे कळल्यावर गावातल्या सर्फिंग म्युझियममधले बोर्ड बघताना एकदम वेगळं वाटतं. जाण्याआधी ते उघडं आहे ना, तेवढं बघून घ्या.

रिप कर्ल आणि क्विकसिल्वर या सर्फिंगच्या सामानाच्या दोन्ही कंपन्या 1969 मध्ये याच गावात सुरू झाल्या. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही गार असतं. तासन् तास त्यात बसायचं तर अंगावर जाड रबरी वेटसूट हवाच, त्यामुळे गावातल्याच पोरांनी ते बनवायला घेतले. हायवेवरच्या सर्फ सिटी प्लाझामध्ये या कंपन्यांची मोठी दुकानं आहेत. खरेदी नसली तरी एक चक्कर मारा.

आता पाण्याबद्दल, आणि हे मी फार कळकळीने लिहितोय. भारतातून आलेली माणसं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर बुडाल्याच्या बातम्या जवळजवळ दर उन्हाळ्यात येतात. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. त्याला इथे 'रिप' म्हणतात. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि शांत दिसतं, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजतो. लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतील तर पाय भिजवायलाही त्या दोघांच्या मध्येच उतरा. झेंडे नसतील तर वाळूवरच थांबा. नातवंडं बरोबर असतील तर त्यांनाही सांगून ठेवा: ओढले गेलात तर प्रवाहाविरुद्ध हातपाय मारू नका, तरंगत राहा आणि हात वर करा. झेंड्यांपाशी पिवळा-लाल पोशाख घालून उभी असलेली बरीचशी मंडळी स्वयंसेवक असतात, स्वतःची सुट्टी देऊन तिथे थांबतात. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे.

तुमच्यासाठी गावातलाच फ्रंट बीच उत्तम. पाणी बरंच शांत, मागे हिरवळ आणि नॉरफोक पाइनची उंच झाडं. तिथे भाजायच्या सार्वजनिक शेगड्या (बार्बेक्यू) आहेत. पनीर आणि मक्याची कणसं घेऊन जा, काम झालं की पत्रा पुसून ठेवा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जान जूक गावाच्या कड्यावरच्या पायवाटेने जमेल तेवढं चाला. हा सगळा वाडावुरुंग या मूळनिवासी लोकांचा प्रदेश आहे. पॉइंट अॅडिसजवळ एक पायवाट आहे, तिच्यावरच्या फलकांवर त्यांच्या जगण्याची, झाडांच्या वापराची माहिती वाचायला मिळते. ती वाट माझी फार आवडती.

कपड्यांचं म्हणाल तर जानेवारीतही जाकीट न्या. उत्तरेचा गरम वारा फिरून दक्षिणेचा झाला की थोड्या वेळात हुडहुडी भरते. ऊन मात्र चांगलंच भाजतं, ढग असले तरीही. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका.

मुलीला सुट्टी नसेल तरी अडणार नाही. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून जिलॉन्ग शहराची ट्रेन सुमारे तासाभरात पोचते, स्टेशनबाहेरून टॉर्कीची बस मिळते, आणि दोन्हीकडे मायकी हे प्रवासाचं कार्ड चालतं. बेल्सला मात्र बस जात नाही, तेवढ्यापुरती टॅक्सी सांगा आणि परतीची वेळही तेव्हाच ठरवून घ्या. ख्रिसमस ते जानेवारीअखेर आणि ईस्टरला खोल्यांचे भाव चढतात. फेब्रुवारीत शाळा सुरू झाल्यावर, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.