वाचकांचे प्रश्न : पहिला कृष्णवर्णीय ऑथेल्लो कोण?

प्रश्न : बडोद्यातील आमच्या हौशी नाट्यमंडळात देवलांच्या ‘झुंझारराव’चे वाचन चालू असताना मूळ नाटकाचा, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा, विषय निघाला. लंडनमध्ये त्यातील कृष्णवर्णीय नायक ऑथेल्लोची भूमिका करणारा पहिला कृष्णवर्णीय नट म्हणजे १९३० सालचा पॉल रोब्सन, असे एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले. ते बरोबर आहे का? आणि अशा नटाच्या यशात अभिनयाचा वाटा किती, वर्णाचा किती?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : रोब्सन यांची थोरवी वादातीत आहे, परंतु पहिलेपणाचा मान त्यांचा नव्हे. त्यांच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १० एप्रिल १८३३ रोजी, आयरा ऑल्ड्रिज हे लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लो म्हणून उभे राहिले होते. त्यांचा जन्म १८०७ मध्ये न्यूयॉर्कला झाला. तेथे कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या नाटकमंडळीला गोऱ्यांचा जाच सोसावा लागत असे; तशा वातावरणात आपल्याला भवितव्य नाही हे ओळखून ते १८२४ मध्ये इंग्लंडला गेले.

कॉव्हेंट गार्डनची संधी आली तीही आपत्तीतून. एडमंड कीन हा त्या काळचा नामांकित नट ऑथेल्लो करतानाच रंगमंचावर कोसळला आणि ती भूमिका ऑल्ड्रिज यांच्याकडे आली. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, परंतु लंडनच्या काही वृत्तपत्रांनी अभिनयापेक्षा त्यांच्या वर्णावरच तोंडसुख घेतले; ऑथेल्लोची गोरी पत्नी डेस्डेमोना झालेल्या एलन ट्री यांना अशा माणसाचा स्पर्श व्हावा, याचाच एका साप्ताहिकाला संताप आला. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करण्याचा वाद तेव्हा ऐन भरात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या विषारी भाषेचे मूळ कळते. दोन प्रयोगांनंतर त्यांना तेथे पुन्हा उभे राहू दिले गेले नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुढील वाटचालीत आहे. राजधानीने दार लावल्यावर ते गावोगावच्या नाट्यगृहांत वर्षानुवर्षे दौरे करत राहिले. गंभीर नाटकामागून फार्स लावण्याची आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांची रीत तिकडेही होती, आणि ऑल्ड्रिज एकाच रात्री आधी ऑथेल्लो व मग ‘द पॅडलॉक’ या प्रहसनातील मुंगो नावाचा विनोदी नोकर रंगवत. शायलॉक, मॅक्बेथ व लिअर या गोऱ्या पात्रांसाठी ते चेहरा गोरा रंगवत. वर्ण हेच त्यांचे भांडवल असते, तर या भूमिका त्यांना पेलल्या नसत्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१८५२ पासून त्यांनी युरोपखंडात दौरे केले. सोबतचे नट जर्मन किंवा रशियन बोलत आणि हे इंग्रजीत. तरीही प्रशियाच्या राजाने त्यांना सुवर्णपदक दिले, आणि १८५८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे युक्रेनियन कवी तारास शेवचेन्को यांनी त्यांचे चित्र रेखाटले. १८६७ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधील वुच येथे दौऱ्यावर असतानाच ते वारले, आणि त्यांची कबर तेथेच आहे. योगायोगाने, महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’चा मराठी अनुवाद त्याच वर्षी प्रसिद्ध झाला; ‘झुंझारराव’नंतर आपल्या मंडळाने तोही वाचण्यास घ्यावा.