कापडी कव्हरवर स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून, गोंद छापून सोनेरी फॉइल लावली, तर अक्षरांत बारीक भोकं राहतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा जाळी फार बारीक असते किंवा गोंद आतून ओला राहतो. फॉइलखाली थर जाड हवा, म्हणून इंचाला 80–100 धाग्यांची जाळी घ्या. 200 च्या जाळीतून गोंदाचा इतका पातळ थर उतरतो की कापडाच्या विणीतले खळगे भरतच नाहीत. पाण्याच्या बेसचा गोंद बोटाला अजिबात चिकटेनासा होईपर्यंत वाळवा. ओल राहिली की गरम प्रेसखाली तिची वाफ होते आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. कोल्हापुरात जुलैमध्ये नुसत्या पंख्यावर भागत नाही, हेअर ड्रायर लागतोच. मग साधारण 150–160 अंशांवर 10 सेकंद दाबा, पूर्ण गार झाल्यावरच फॉइल सोला. तापमान मात्र गोंदागणिक बदलतं. डब्यावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा.