दिवाळीला आलात म्हणून कुत्रा लगेच बरोबर नेता येत नाही

श्टुटगार्टहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचा चार वर्षांचा कुत्रा इंदिरानगरला सासूबाईंकडे आहे, दिवाळीत तीन आठवडे नाशिकला येतायत आणि परत जाताना त्याला घेऊन जायचंय, तर त्याचं बुकिंग करून टाकू का? ताई, नका करू. तीन आठवड्यात हे काम होत नाही, कितीही ओळखी असल्या आणि कितीही पैसे टाकायची तयारी असली तरी.

युरोपियन युनियनने रॅबीज आटोक्यात असलेल्या देशांची जी यादी केलीये त्यात भारत नाही, त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्याची नि मांजराची पण नुसती लस चालत नाही, लस अंगाला लागली का ते रक्त तपासून दाखवावं लागतं. क्रम असा, आधी १५ आकडी नंबरची मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती), मग रॅबीजची लस, लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त, ते युरोपने मान्य केलेल्याच लॅबमध्ये जायला हवं आणि रिपोर्टमध्ये ०.५ आययू/मिली किंवा जास्त यायला हवं. आणि रक्त काढलं त्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं, रिपोर्ट चांगला आला तरी थांबायचंच. म्हणजे समजा १ नोव्हेंबरला चिप आणि लस झाली, तर रक्त १ डिसेंबरला आणि प्रवास १ मार्चनंतर. तुम्ही दिवाळी धरून बसलात, तो गुढीपाडव्याच्या सुमारास येईल.

यात चिप आधी आणि लस नंतर हे मी पुन्हा सांगते कारण आमचं इथेच चुकलं. माझ्या बहिणीला आमची चिंगी फ्रँकफर्टला न्यायची होती, गंगापूर रोडवर सापडलेली आपली साधी गावठी कुत्री. आम्ही नेहमीच्या दवाखान्यात लस दिली, महिन्याने चिप बसवली, डॉक्टर म्हणाले काही फरक पडत नाही, आणि आम्हीही विश्वास ठेवला. रक्त काढायच्या आदल्या रात्री बहिणीने फोनवर दोन्ही तारखा वाचून घेतल्या तेव्हा कळलं की चिपच्या आधीची लस धरतच नाहीत. पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस. बहीण फोनवर रडली हो, मुलांना तिने तारीख सांगून ठेवली होती. म्हणून लसीच्या कार्डावर चिपचा नंबर, चिपची तारीख आणि लसीची तारीख तिन्ही लिहून घ्या, आणि स्कॅनर फिरवून नंबर जुळतो का ते तिथल्या तिथे बघा.

तुमच्या हातात अजून वेळ असेल तर दिवाळीची वाट पण बघू नका, सासूबाईंना किंवा दिरांना आजच चिपची अपॉइंटमेंट घ्यायला सांगा, त्याला तुम्ही इथे असायची गरज नाही. तुम्ही लागता ते प्रवासाच्या वेळी, कारण मालकाचा आणि प्राण्याचा प्रवास एकमेकांपासून ५ दिवसांच्या आत असावा लागतो, नाहीतर तुम्ही लेखी देऊन नेमलेला माणूस बरोबर हवा. शेवटचं हेल्थ सर्टिफिकेट मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसकडून घ्यायचं आणि त्यानंतर १० दिवसांत युरोपात पोचायचं, त्यामुळे ते खूप आधी करून उपयोग नाही.

कागद होतात हो, पण पिंजऱ्याची सवय लावायचं लोक विसरतात आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. मुक्या जीवाला एकदम एअरपोर्टवर नव्या पेटीत कोंबायचं म्हणजे काय होत असेल त्याचं? पिंजरा निदान दोन महिने आधी घरात आणा. माप असं घ्या, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग ही पिंजऱ्याची लांबी, खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी, आणि उभा राहिल्यावर डोक्याची किंवा कानाची जी जास्त ती उंची. म्हणजे कुत्र्याची लांबी ७० सेंटीमीटर आणि कोपरापर्यंतची उंची ३० सेंटीमीटर असेल तर पिंजऱ्याची लांबी ८५. पहिले आठ-दहा दिवस दार उघडं ठेवून जेवण आतच द्या, मग जेवताना दार लोटा, मग थोडा थोडा वेळ वाढवा. चिंगी सुरुवातीला फक्त मान आत घालून पोळी ओढून बाहेर पळायची, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाल्यावर आम्ही तिला पलंगाखाली शोधतोय आणि ती आपली आपण पिंजऱ्यात जाऊन आईच्या जुन्या सुती साडीवर अंगाचं मुटकुळं करून बसलेली. त्या दिवशी मी निर्धास्त झाले.

गाडीची पण सवय लावा, कारण मुंबईपर्यंत कसारा घाट उतरायचाय. आधी त्र्यंबकेश्वर, मग इगतपुरी असं नेऊन आणा, उलटी होते का बघा. झोपेचं औषध देऊन पाठवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी, वर विमानात त्याचा श्वास आणि बीपी बघायला कोणी नसतं. आणि पग किंवा बुलडॉगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर आधी एअरलाइनला विचारा, बऱ्याच कंपन्या त्यांना खाली होल्डमध्ये, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, घेतच नाहीत. छोटं असेल तर गोष्ट वेगळी, लुफ्तान्सा बॅगसकट ८ किलोपर्यंत वर केबिनमध्ये घेते.

बाकी देशांतल्यांसाठी थोडक्यात. यूकेला रक्ताचा नियम असाच आहे, वर कुत्र्याला पोचायच्या २४ ते १२० तास आधी टेपवर्मचं, म्हणजे पोटातल्या जंताचं, औषध लागतं, आणि विमानाने प्राणी कार्गोनेच जातो, तिथे एजंट घ्या. अमेरिकेचे कुत्र्यांचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदललेत, कुत्रा ६ महिन्यांच्या वरचा हवा आणि भारतात लस झालेला कुत्रा ठरलेल्या मोजक्या एअरपोर्टवरच उतरवता येतो, त्यामुळे डायरेक्ट फ्लाइट बघून खूश होऊ नका, कुठे उतरते ते बघा. आणि जे जर्मनीहून आपलं कुत्रं सुट्टीत नाशिकला आणणार आहेत त्यांनी रक्ताची टेस्ट निघायच्या आधी तिकडेच करून कुत्र्याच्या पासपोर्टवर नोंद करून घ्या, मग परत जाताना ते तीन महिने लागत नाहीत. ही एक गोष्ट माहीत नसल्याने कुत्रं इथे अडकतं.

ताई, तुमचा चार वर्षांचाच आहे, तो रुळेल. बारा-तेरा वर्षांचा असता तर मी सासूबाईंकडेच राहू द्या म्हटलं असतं, त्याचं अंगण, त्याची सकाळची फिरायची वाट सोडवू नका म्हटलं असतं. पण सासूबाईंशी पण एकदा नीट बोला, इतके दिवस त्यांनी सांभाळलंय, घर रिकामं त्यांचं होणार आहे. चिप बसवायला त्याच त्याला घेऊन जाणार असतील तर तारखा लिहायला एक छोटी वही द्या त्यांना, आणि निघायच्या आधी त्यांच्या अंगावरची एक साडी मागून घ्या, न धुतलेली.